पाखरांवरचा आळ



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्यावर, नाटकावर, सीमाभागातल्या बोलींवर व्याख्याने झाली. त्यातली बरीचशी मी मागच्या रांगेत बसून ऐकली आहेत. यंदा कार्यवाह माझ्या घरी आले तेव्हा मी त्यांना म्हणालो, "अहो, मी प्राणिशास्त्राचा मास्तर. बेडूक चिरण्यात उभा जन्म गेला. साहित्याच्या सभेत मी काय बोलणार?" ते म्हणाले, "तुम्ही पाखरांवर बोला. पाखरांवाचून कुठले साहित्य झाले आहे?"

त्यांचे म्हणणे खरे आहे. दारात कावळा ओरडला की पाहुणा येणार, हे आपण आजीच्या मांडीवर शिकलो. पावशा ओरडला की पेरणीची घाई होते. पिंडाला कावळा शिवेपर्यंत आपण ताटकळत उभे राहतो. म्हणजे पाखरू आपल्याकडे निरोप्या आहे. परंतु गेल्या साठ-सत्तर वर्षांत या निरोप्यावर एक वेगळाच आळ आला आहे, की तो लांबून रोग घेऊन येतो. हा आळ कितपत खरा आणि कितपत खोटा, हे मला आज आपल्यासमोर मांडायचे आहे. त्यात माझीही एक चूक गुंतलेली आहे. तीही सांगणार आहे, नव्हे, तीच सांगायला मी हे निमंत्रण स्वीकारले.

गोष्ट सुरू होते १९५७ साली, आपल्यापासून फार लांब नाही अशा शिमोगा जिल्ह्यात. सोरब तालुक्यात क्यासनूर नावाचे जंगल आहे. तिथे त्या वर्षी माकडे पटापट मरू लागली. काळतोंडी वानरे मरत होती, तांबूस तोंडाची लहान माकडेही मरत होती. पाठोपाठ आसपासच्या खेड्यांतली माणसे तापाने फणफणू लागली. एकाएकी चढणारा ताप, डोके फुटेल अशी कळ, अंगाचा ठणका, काहींच्या नाकातोंडातून रक्त. गावकऱ्यांनी दोन गोष्टी जोडल्या आणि कन्नडमध्ये नाव दिले 'मंगन कायिले', म्हणजे माकडाचा आजार. आपल्याकडे सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या सीमेवर आज त्यालाच माकडताप म्हणतात.

पुण्याचे विषाणू संशोधन केंद्र त्या वेळी पाच वर्षांचे होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी १९५२ मध्ये ते काढले. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. तिथली मंडळी धावत क्यासनूरला गेली. त्यांच्या मनात पहिली धास्ती होती पीतज्वराची. दक्षिण अमेरिकेत पीतज्वर आला की आधी जंगलात माकडे मरतात, आणि आशिया खंडात तो रोग कधी आलेला नव्हता. तो इथे पोहोचला असता तर अनर्थ झाला असता. पण मेलेल्या वानराच्या शरीरातून जो विषाणू हाती लागला, तो पीतज्वराचा निघाला नाही. तो डासांनी नव्हे, गोचिडींनी पसरणारा होता. आणि त्याचे कुळ तपासले तेव्हा सगळे चक्रावले. त्याचा भाऊबंद होता थेट सायबेरियात.

रशियाच्या अतिपूर्वेकडच्या जंगलांत गोचिडींमुळे होणारा मेंदूज्वर १९३७ साली लेव झिल्बर यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेने शोधून काढला होता. त्या विषाणूचा चुलतभाऊ मलनाडच्या सुपारीच्या बागांशेजारी सापडला. मध्ये हिमालय, तिबेट, मंगोलिया. हा कसा आला?

उत्तर आकाशातून येताना दिसत होते. दर वर्षी ऑक्टोबर उजाडला की सायबेरियातून, मध्य आशियातून लाखो पाखरे आपल्याकडे उतरतात. बदके येतात, हंस येतात, आणि मुठीत मावतील एवढे धोबी आणि वटवटेही येतात. माकडतापाचा हंगाम सुरू होतो डिसेंबरच्या सुमारास. गोचिडीची पिल्ले पाखरांच्या कानाशी, डोळ्यांभोवती चिकटून काही दिवस रक्त पितात. तेवढ्या दिवसांत पाखरू शेकडो मैल काटू शकते. म्हणजे वाट होती, वाहन होते, वेळही जुळत होती. कोणाही शहाण्या माणसाला हाच संशय आला असता, आणि तो घेणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही.

संशय तपासायचा तर पाखरे कुठून येतात आणि कुठे जातात हे आधी कळायला हवे. त्याची युक्ती सोपी आहे. पाखरू पकडायचे, पायात हलके कडे अडकवायचे, त्यावर क्रमांक आणि पत्ता, आणि सोडून द्यायचे. डेन्मार्कमध्ये मॉर्टेन्सेन नावाच्या एका शाळामास्तराने १८९९ साली साळुंकीच्या जातीच्या पाखरांवर हा प्रयोग शिस्तीने सुरू केला. आपल्याकडे त्याचा आरंभ १९२०च्या दशकात धार संस्थानात झाला, हे या सभेच्या पुस्तिका वाचणाऱ्या इंदूर-देवासकडच्या आप्तांना ऐकून आनंद वाटेल. पवारांच्या त्या मराठी संस्थानात बदकांच्या पायांत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची कडी चढली. कड्यावर मजकूर असे, 'इन्फॉर्म बॉम्बे'. मुंबईला कळवा. एवढ्या दोन शब्दांवर विसंबून पाखरू सोडायचे आणि वाट पाहत बसायची.

क्यासनूरनंतर सालिम अली यांनी हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. जागतिक आरोग्य संघटनेने मदत दिली. भरतपूरला, कच्छमध्ये आणि इतर कितीतरी ठिकाणी जाळी लागली. हजारो पाखरे हातात घेतली गेली, त्यांच्या अंगावरच्या गोचिडी चिमट्याने काढून तपासायला जाऊ लागल्या. सायबेरियात कोणीतरी शिकारी बदक मारी, पायातले कडे पाहून पत्र लिही, आणि ते पत्र मुंबईला येई. शीतयुद्धाच्या ऐन भरात सोव्हिएत देशातला शिकारी मुंबईच्या एका खोलीशी पत्रव्यवहार करत होता तो या पाखरांमुळे.

त्याच शीतयुद्धाने या कामावर सावलीही टाकली. पुढे काही वर्षे निधी आला तो अमेरिकी लष्कराने चालवलेल्या एका संशोधन योजनेतून. पाखरे रोग वाहून नेतात का, हे जाणण्यात लष्कराला रस का, असा प्रश्न १९७४ मध्ये वृत्तपत्रांतून विचारला गेला. संसदेच्या लोकलेखा समितीने चौकशी केली. जंतुयुद्धाची भाषा झाली. सालिम अलींसारख्या माणसाला आपण देशाचे काही वावगे केलेले नाही, हे सांगत बसावे लागले. आळ आधी पाखरांवर आला होता, तो पाखरांच्या पायांत कडी घालणाऱ्यांवरही आला.

एवढ्या खटाटोपातून निघाले काय? पक्षिशास्त्राला फार मोठे धन मिळाले. कोणती जात कुठून येते, याचा आपला नकाशा बराचसा त्या कड्यांवर उभा आहे. पण ज्या प्रश्नासाठी हे सगळे केले, त्याचे उत्तर 'हो' असे आले नाही. स्थलांतरित पाखरांनी क्यासनूरचा विषाणू सायबेरियातून आणला, हे सिद्ध करणारा पुरावा हाती आला नाही. उलट दिशा दाखवणाऱ्या खुणा मात्र मिळत गेल्या. क्यासनूरच्या आधीच पुण्याच्या केंद्राने ठिकठिकाणच्या माणसांचे रक्त तपासले होते, तेव्हा कच्छ-सौराष्ट्रातील काहींच्या रक्तात याच कुळातल्या विषाणूंविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडली होती. पुढे १९९०च्या दशकात सौदी अरेबियात जिद्दा शहरातल्या एका खाटकाच्या रक्तात अलखुर्मा नावाचा विषाणू मिळाला. क्यासनूरच्या विषाणूचा सर्वांत जवळचा नातलग तो ठरला. म्हणजे सख्खा भाऊ सायबेरियाच्या बर्फात नव्हता, तांबड्या समुद्राकाठच्या वाळूत, उंटांच्या आणि मेंढ्यांच्या संगतीत होता. दोघांची फारकत काही शतकांपूर्वीची असावी, असा अंदाज त्यांच्या जनुकांवरून बांधला गेला. १९५७च्या हिवाळ्यात कुठल्या पाखराने तो आणून टाकला नव्हता. तो आपल्याकडे जुनाच होता.

मग तो १९५७ सालीच का उसळला? याचे उत्तर शोधायला आकाशाकडे नाही, जमिनीकडे पाहावे लागते. या रोगाची मुख्य गोचीड जंगलाच्या पाचोळ्यात राहते. तिचे तीन जन्म असतात म्हणा ना. पहिल्या अवस्थेत ती उंदीर, चिचुंद्री, माकड, रानकोंबडा अशा कुणाच्याही रक्तावर जगते. दुसऱ्या अवस्थेत, खसखशीच्या दाण्याहून थोडी मोठी असताना, माणसाला चावते ती प्रामुख्याने तेव्हा. पूर्ण वाढ झाली की तिला मोठे जनावर लागते, आणि आपण जंगलात चरायला सोडलेली गुरे तिला आयती मिळतात. गुरे वाढली की गोचिडी वाढतात. जंगल तोडून मध्येच शेत, मध्येच बाग असे झाले की माणूस, गुरे, माकडे आणि गोचिडी एकाच पाचोळ्यात येतात. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या शेकडो गोचिडी तिथेच गळून पडतात आणि तेवढी जागा धोक्याची होते. पाखरांचा यात वाटा आहे, नाही असे नाही, पण तो रानकोंबड्यासारख्या जमिनीवर चरणाऱ्या पाखरांचा. आणि रानकोंबडा सायबेरियाला जात नाही.

सर्वांत मोठा उद्रेक झाला तो १९८३च्या सुमारास, दक्षिण कन्नड जिल्ह्यात बेळतंगडी तालुक्यात. दीड हजाराहून अधिक माणसे आजारी पडली, दीडशेच्या घरात दगावली. त्याआधी तिथे काय घडले होते? जुने जंगल साफ करून काजूची लागवड सुरू झाली होती. हा काजू लक्षात ठेवा. तोही परदेशी पाहुणाच, पोर्तुगिजांच्या जहाजांतून ब्राझीलहून आलेला. त्याची गाठ आपल्याला पुन्हा पडणार आहे.

आता माझी चूक. मी चौतीस वर्षे महाविद्यालयात शिकवले. परजीवी प्राण्यांचा पाठ आला की मी क्यासनूरची गोष्ट रंगवून सांगत असे. मुलांना ती आवडे. सायबेरिया, हिमालय, पाखराच्या कानामागे लपलेली गोचीड, असे चित्र उभे करून मी फळ्यावर खडूने मोठा बाण काढी, वरून खाली. १९५७-६०च्या सुमारास जो तर्क होता, तोच मी १९९५ सालीही सिद्धान्त म्हणून सांगत होतो. माझ्या टिपणांची वही जुनी होती आणि ती बदलण्याची तसदी मी घेतली नव्हती. शेवटी 'असे मानले जाई' हे शब्दसुद्धा जोडत नव्हतो.

२०१६च्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. खानापूर तालुक्यातला, आता प्राथमिक शाळेत शिक्षक. चेहरा उतरलेला. त्याची आई आदल्या महिन्यात फार आजारी होती. ती दर वर्षी चार बायकांसोबत काजूच्या हंगामाला चोर्ला घाट उतरून सत्तरीत जात असे. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत बागेतच झोपडीत राहायचे, पाचोळ्यात वाकून बोंडू गोळा करायचे, बी वेगळी करायची, सांजच्याला हिशेब. ती तापाने फणफणत घरी परतली. गावच्या डॉक्टरांनी साधा ताप समजून औषध दिले. उतरला, पुन्हा चढला. डॉक्टरांनी या मुलाला विचारलेही होते, "माकडतापाची काही शक्यता?" आणि हा शिकलेला मुलगा म्हणाला, नाही.

तो मला म्हणाला, "सर, आमच्या गावाला तळं नाही. बाहेरची पाखरं येत नाहीत. तुम्हीच शिकवलं होतं न्हवं, पाखरं आणत्यात म्हणून? मग मी म्हटलं, हा तो ताप नसणार."

तिचे निदान व्हायला आठ-दहा दिवस उशीर झाला. ती वाचली. आज तिचा उजवा हात थरथरतो, सुई ओवता येत नाही. या तापावर नेमके औषध नाही, हे खरे. तेव्हा निदान आधी झाले असते तर हात वाचला असता, असे मी म्हणू शकत नाही, आणि न वाचता असेही म्हणू शकत नाही. तिला पाणी, रक्त, विश्रांती हे वेळेवर मिळाले नाही एवढे मात्र खरे. आणि तिच्यासोबतच्या बायका ते आठ-दहा दिवस त्याच बागेत, त्याच पाचोळ्यात वाकत राहिल्या, कारण तिथे धोका आहे हे कुणी सांगितलेच नाही. त्या मुलाच्या बोलण्यात राग नव्हता. तो मला विचारायला आला होता, की सर, मग खरे काय आहे? मी त्याला चहा दिला आणि खरे काय आहे ते मला ठाऊक नाही, असे सांगितले. तो गेल्यावर मी ती टिपणांची वही काढली आणि निवृत्तीनंतर सात वर्षांनी पहिल्यांदा तो पाठ नव्याने वाचायला बसलो. आज जे बोलतो आहे ते त्या वाचनाचे फळ.

त्या दोन वर्षांत झाले होते असे. २०१५ मध्ये माकडताप गोव्यात सत्तरी तालुक्यात आढळला. २०१६ मध्ये तो दोडामार्गाच्या बाजूला, सिंधुदुर्गात दिसला. आणि आपल्या बेळगाव जिल्ह्यात जे रुग्ण सापडले, त्यांत गोव्याच्या काजूबागांतून परतलेले मजूर होते. शास्त्रज्ञांनी त्यावर लेख लिहिले आहेत. हा ताप एका माणसापासून दुसऱ्या माणसाला होत नाही, तेव्हा या मजुरांनी तो कुणाला दिला नाही. त्यांनी तो फक्त सोसला. पण रोगाच्या बाबतीत 'स्थलांतर' हा शब्द आपण उच्चारतो तेव्हा डोळ्यांसमोर हंसांची माळ येते. घाट उतरणारी, डोक्यावर बोचके घेतलेली बाई येत नाही. मराठीत दोघांनाही एकच शब्द आहे, तरीही येत नाही.

आता कुणी म्हणेल, की मास्तर, तुम्ही पाखरांची वकिली करायला निघालात. तसे नाही. दुसऱ्या एका रोगात पाखरांचा हात आहे, आणि तोही मी तितक्याच स्पष्टपणे सांगितला पाहिजे. तो म्हणजे बर्ड फ्लू.

रानबदकांच्या आतड्यांत इन्फ्लुएंझाचे विषाणू पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहेत. बदक आजारी पडत नाही, विष्ठेवाटे विषाणू तळ्यात सोडते, दुसरे बदक ते पाणी पिते. हा सौम्य विषाणू कोंबड्यांच्या दाट वस्तीत शिरला, हजारो पक्षी एका छपराखाली, की त्याची काही वाणे बदलत जातात आणि मारक होतात. आज जगभर फिरणाऱ्या एच५एन१चा मूळ पुरुष १९९६ साली चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात पाळीव हंसांत सापडला. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये १८ माणसांना तो झाला, सहा दगावली, आणि तिथल्या सरकारने दहा लाखांहून अधिक कोंबड्या मारल्या. म्हणजे मारक रूप रानात जन्मले नाही. ते पाळीव पक्ष्यांत तयार झाले आणि तिथून रानात गेले.

रानात गेल्याची मोठी खूण मिळाली २००५च्या उन्हाळ्यात. चीनमधल्या छिंगहाय सरोवरावर सहा हजारांच्या आसपास रानपक्षी मेले. त्यांत पट्टकादंब पुष्कळ होते. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा राखी हंस आपल्याला परका नाही. बेळगावहून सकाळी निघालात तर दुपारच्या आत गदग जिल्ह्यातल्या मागडी तलावावर तो आपल्याला भेटेल. मंगोलिया आणि तिबेटमधून हिमालय ओलांडून तो येतो. त्याच्या पाठीवर यंत्र बसवून घेतलेल्या नोंदींत सात हजार मीटरांहून अधिक उंची आढळली आहे. मागडीच्या शेतकऱ्यांच्या शिवारात हे हंस हजारोंनी चरतात आणि गावकरी त्यांना हुसकत नाहीत. २०२४ मध्ये या तलावाला रामसर यादीत स्थान मिळाले.

छिंगहायनंतर हा विषाणू सायबेरिया, युरोप आणि आफ्रिकेपर्यंत गेला. त्यात पाखरांचा वाटा होता हे नाकारता येणार नाही. पुढे तर तो २०२१च्या अखेरीस अटलांटिक ओलांडून कॅनडाच्या न्यूफाउंडलंडला पोहोचला, २०२२-२३ मध्ये पेरू-चिलीच्या किनाऱ्यावर पाणकोळी आणि समुद्रसिंह हजारोंनी मेले, आणि २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या भूमीवर त्याची नोंद झाली. अंटार्क्टिकावर कुणी कोंबड्यांचा ट्रक नेला नाही. तिथे नेणारे पाखरूच.

पण आपल्या दाराशी तो आला तेव्हाचे पाहा. भारतातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला जाहीर झाला. ज्या नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा फलाट अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, तेच नवापूर. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केले. कोंबड्या लाखांनी मारून पुरल्या गेल्या. शेजारच्या सुरत जिल्ह्यात उच्छलला आणि मग जळगावला रोग निघाला. त्या दिवसांत आमच्या गल्लीत लोकांनी गच्चीवरची पाखरांसाठी ठेवलेली पाण्याची भांडी उचलली. एका घरासमोरच्या चिंचेवरची बगळ्यांची घरटी काठीने पाडली. मी ते खिडकीतून पाहिले आणि गप्प राहिलो. एका कुक्कुटपालन केंद्रातून दुसऱ्यात हा रोग जातो तो पिंजऱ्यांतून, अंड्यांच्या ट्रेमधून, गाडीच्या चाकांतून, कामगाराच्या चपलांतून. चिंचेवरच्या बगळ्याकडून नव्हे. नवापूरला २०२१ मध्ये हा रोग पुन्हा आला, कारण तिथे कुक्कुटपालनाची दाटी आहे. बगळे तर सगळीकडेच आहेत.

त्याच हिवाळ्यात, म्हणजे डिसेंबर २०२० आणि जानेवारी २०२१ मध्ये, इंदूरला एका शिक्षणसंस्थेच्या आवारात कावळे मरून पडू लागले. राजस्थानात झालावाडलाही कावळे मेले. हिमाचलातल्या पोंग धरणावर पट्टकादंब मेले, हजारोंनी. तपासणीत निघाले, की कावळ्यांत होता एच५एन८ आणि पोंगच्या हंसांत एच५एन१. एकाच पंधरवड्यात दोन निराळे विषाणू, दोन निराळ्या वाटांनी. वृत्तपत्रांत मात्र एकच मथळा होता, पाहुण्या पाखरांनी रोग आणला. कावळा पाहुणा नाही. तो आपल्याच उकिरड्यावर जेवतो. त्याच्या मरणाने तो आपल्यालाच काही सांगत असतो, आणि निरोप्याचे त्याचे जुने काम तो अजून करतो आहे. इंदूरला कावळे पडले म्हणून तपासणी झाली. क्यासनूरला माकडे पडली म्हणून रोग कळला. मेलेल्या जनावराची खबर देणारा माणूस हा अशा रोगांविरुद्धचा पहिला पहारेकरी आहे.

तर मग आळ कितपत खरा? माझे मत असे. बर्ड फ्लूच्या बाबतीत पाखरू वाहक आहे, पण त्याच्या पाठीवरचे ओझे आपण बांधले आहे. माकडतापाच्या बाबतीत लांबून येणाऱ्या पाखरावरचा आळ निराधार निघाला. दोन्हीकडे पाखराकडे बोट दाखवणे आपल्याला सोयीचे असते. पाखराला हद्द नाही, त्याच्यावर गुन्हा दाखल होत नाही, आणि ते आकाशातून आले म्हटले की जमिनीवर आपण काय केले ते विचारावे लागत नाही. जंगल का तोडले, कोंबड्या किती दाटीने कोंबल्या, बागेतल्या बाईला लांब बाह्यांचा सदरा आणि अंगाला लावायचे तेल कुणी दिले, हे प्रश्न राहून जातात. प्रश्न चुकला की काय होते, ते मी माझ्या विद्यार्थ्याच्या आईच्या हातावर पाहिले आहे.

शेवटी एक मागणे. आपल्या सभेकडे छापखाना आहे, लिहिणारे आहेत, आणि तीन भाषांत बोलणारे सभासद आहेत. सत्तरी, दोडामार्ग आणि खानापूर हे तीन तालुके तीन राज्यांत आहेत, पण त्यांचे जंगल एकच आहे. मजूर एका राज्यात आजारी पडतो आणि दुसऱ्या राज्यात दवाखान्यात जातो. दर वर्षी जानेवारीत, काजूचा हंगाम सुरू होण्याआधी, आपण एक पानाचे पत्रक काढावे. मराठीत, कन्नडात आणि कोंकणीत. त्यात फार काही नको. मेलेले माकड दिसले तर हात लावू नका, आरोग्य केंद्राला कळवा. बागेत पूर्ण अंग झाकणारे कपडे घाला, गोचीड दूर ठेवणारे तेल लावा, संध्याकाळी गरम पाण्याने अंघोळ करून अंगावर गोचीड आहे का पाहा. ताप आला तर डॉक्टरांना आधी सांगा, 'मी काजूला गेले होते.' हे शेवटचे वाक्य मोठ्या अक्षरांत छापावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते वाचून दाखवायला मी स्वतः जाईन. माझ्या विद्यार्थ्याने सोबत येण्याचे कबूल केले आहे.

त्याची आई आता काजूला जात नाही. पण तिच्या गावातून यंदाही बायका जाणार आहेत. आणि त्याच सुमारास मागडीच्या तलावावर हंस उतरलेले असतील. ते पाहायला अवश्य जा. काठावर उभे राहा, मेलेल्या पाखराला हात लावू नका, आणि चरणाऱ्या पाखराला हुसकू नका. तो पाहुणा आपल्याकडे शतकानुशतके येतो आहे. घाट उतरून जाणाऱ्या बाईची मात्र आपण अजून नीट विचारपूस केलेली नाही.